काकांचा घोटा आणि माझा अंगठा

बोरी हे आमचं गाव. परभणीहून जिंतूरकडे निघालं की झरी मागे पडतं आणि मग बोरी येतं. मी तिथे राहिलो फक्त सातवीपर्यंत. पण पुण्यात वीस वर्षं काढूनसुद्धा कुणी "गाव कोणतं?" असं विचारलं की तोंडातून बोरीच निघतं. शेती काका बघतात. कापूस, सोयाबीन, थोडी तूर. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, वय अठ्ठावन्न, आणि आजारपण म्हणजे काय ते ठाऊक नसलेला माणूस.

तर झालं असं, की ऑगस्ट 2022 मध्ये, पोळ्याला आठ दिवस असताना काका कापूस बघून धुऱ्यावरून परत येत होते. रात्रभर पाऊस झालेला. आमच्याकडची काळी माती ज्याने पावसात तुडवली आहे त्याला पुढचं सांगायला नको. उजवा पाय रुतला तो रुतलाच, आणि अंग मात्र फिरलं. "काडी मोडल्यावानी आवाज आला बघ," असं काका अजूनही सांगतात, आणि सांगताना दरवेळी बोटं मोडून दाखवतात.

परभणीच्या एका दवाखान्यात नेलं. सूज उतरायला दोन-तीन दिवस गेले, मग ऑपरेशन झालं. मी त्या दिवशी ऑफिसात एका मीटिंगमध्ये अडकलो होतो. दुपारी धाकट्या चुलतभावाने व्हॉट्सॲपवर एक्स-रेचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "दादा बघ बरं, बराबर हाय का?"

मी टेबलाखाली मोबाईल धरून फोटो दोन बोटांनी मोठा केला. बाहेरच्या बारीक हाडावर एक सरळ पट्टी, तिच्यात ओळीने स्क्रू, दोन लांब स्क्रू आडवे गेलेले. हाड सरळ. सगळं कसं नीटनेटकं. मी अंगठा पाठवला. वर आणखी लिहिलं, "एकदम परफेक्ट!"

आता मी कोण? सॉफ्टवेअर इंजिनियर. हाडांबद्दल मला शून्य माहिती. पण गावाकडे "पुण्याचा इंजिनियर" म्हटलं की त्याला एक्स-रेपासून सात-बारापर्यंत सगळं कळतं अशी समजूत असते, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही ती समजूत मोडावीशी वाटत नाही. भावाने काकांना सांगितलं, "पुण्याहून बी ओके आलं."

हा अंगठा पुढे मला बराच महाग पडला. मला म्हणजे काकांना.

सहा आठवड्यांनी काका टेकू घेऊन चालायला लागले. दिवाळीत गावी गेलो तेव्हा लंगडत होते. "जरा दुखायलंय," म्हणाले. "उतारावर लई. अन् उकिडवं बसता येईना." मी म्हटलं, "काका, अहो प्लेट टाकली आहे, वेळ लागतोच." हे मी कशाच्या आधारावर म्हटलं? कशाच्याच नाही. माझ्या डोक्यात तो एक्स-रे होता आणि तो परफेक्ट होता.

कापूस वेचणी काकूंनी मजूर लावून केली. रब्बीची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने झाली. डिसेंबरात काकांनी बैलजोडी विकली. बैलांमागे चालणं होत नव्हतं, आणि गोठ्यात बांधून नुसतं किती दिवस खाऊ घालणार? मला हे फोनवर कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे काहीतरी बरोबर नाही. काकांनी बैल विकणं म्हणजे काय, हे गावातल्या माणसालाच कळेल.

जानेवारी 2023 मध्ये त्यांना पुण्याला आणलं. इथल्या डॉक्टरांनी घोटा फिरवून बघितला, जुने एक्स-रे लाईटवर लावले आणि म्हणाले, "एक्स-रे चांगला आहे. सीटी करू. दोन्ही पायांचा."

"दोन्ही? पण डावा तर ठीक आहे ना?"

"म्हणूनच."

याचा अर्थ मला नंतर कळला. त्यासाठी घोटा कसा असतो ते थोडं सांगावं लागेल. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद गाळा, पण न गाळाल तर बरं.

घोटा म्हणजे एक चिमटा आहे. आतल्या बाजूने नडगीच्या जाड हाडाचं टोक, बाहेरच्या बाजूने बारीक हाडाचं टोक, आणि दोघांच्या मध्ये पावलाचं वरचं हाड धरलेलं. ही दोन हाडं घोट्याच्या जरा वर एकमेकांना चिवट बंधांनी बांधलेली असतात. त्या जोडाला डॉक्टर सिंडेस्मोसिस म्हणतात. जाड हाडाला तिथे एक उथळ खोबण असते आणि बारीक हाड त्या खोबणीत बसतं. पाऊल रुतून राहिलं आणि अंग फिरलं की पाऊल आतून त्या बारीक हाडाला बाहेर ढकलतं, बंध फाटतात आणि चिमटा सैल होतो. काकांचं नेमकं हेच झालं होतं. आडवे दोन स्क्रू टाकले होते ते हा चिमटा पुन्हा आवळण्यासाठी.

चिमटा किती नेमका असावा लागतो? रॅम्से आणि हॅमिल्टन या दोघांनी 1976 मध्ये छापलेला एक प्रयोग या विषयात सगळीकडे सांगितला जातो. पावलाचं ते वरचं हाड फक्त 1 मिलिमीटर बाहेर सरकलं तर सांध्यातली एकमेकांना टेकणारी जागा 42 टक्क्यांनी कमी होते. म्हणजे माणसाचं वजन तेवढंच, पण ते पेलणारी जागा जवळजवळ अर्धी. तिथली गादी मग झिजणारच.

काकांच्या सीटीत निघालं काय, तर बारीक हाड खोबणीतून तीन मिलिमीटर पुढे सरकलेलं आणि थोडं वळलेलं. तशाच जागी स्क्रूने पक्कं आवळलेलं.

आता प्रश्न असा की एक्स-रेत हे का दिसलं नाही? मीही डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला, जरा तावातावाने. ते शांतपणे म्हणाले, "एक्स-रे म्हणजे सावली." रस्त्यावर विजेचे दोन खांब एकामागे एक असले आणि आपण बरोबर समोर उभे राहिलो तर एकच खांब दिसतो. मागचा दोन हात दूर आहे की वीस हात, ते समोरून कळत नाही. समोरून घेतलेल्या एक्स-रेत पुढे-मागे सरकलेलं हाड असंच लपतं. बाजूने घेतला तर दोन्ही हाडं एकमेकांवर येतात. आणि वळलेलं हाड? ते तर जवळजवळ कुठूनच दिसत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये जे सी-आर्म नावाचं मशीन असतं, इंग्रजी 'सी' अक्षरासारखं, एका टोकाला एक्स-रेची नळी आणि दुसऱ्या टोकाला पडदा, तेही सावलीच दाखवतं. तालुक्याच्या गावातसुद्धा आता हाडांच्या दवाखान्यात सी-आर्म असतो, आणि तो आल्यामुळे किती लोकांचे हातपाय वाचले याला गणती नाही. पण सावली ती सावलीच.

घरी आल्यावर मी वाचायला बसलो. आमच्या जमातीला दुसरं येतं काय! 2006 मध्ये गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पेपर छापला. अशाच ऑपरेशन झालेल्या 25 रुग्णांचा नंतर सीटी काढला. 13 जणांचं बारीक हाड खोबणीत नीट बसलेलं नव्हतं. म्हणजे निम्म्याहून जास्त! साध्या एक्स-रेवर गडबड दिसली होती ती फक्त 6 जणांत. ही ऑपरेशनं अमेरिकेत झाली होती, बरं का. परभणीत नाही. हे वाचून परभणीच्या डॉक्टरांवरचा माझा राग एकदम खाली बसला. त्यांनी जे केलं ते जगभर करतात तसंच केलं होतं. त्यांनी सावली बघितली, सावली चांगली होती. मीही तीच सावली बघितली होती आणि अंगठा दिला होता. फरक एवढाच, की त्यांना निदान सावली वाचता येत होती.

काकांचं दुसरं ऑपरेशन फेब्रुवारीत पुण्यात झालं. त्या थिएटरमध्ये थ्रीडी सी-आर्म होता. हे मशीन पेशंट टेबलावर, जखम अजून उघडी असतानाच, घोट्याभोवती अर्ध्याहून थोडं जास्त फिरतं. असलं पहिलं नावाजलेलं मशीन सीमेन्सने 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला आणलं. ते 190 अंशांतून फिरत 100 चित्रं घ्यायचं आणि त्यातून 12 सेंटिमीटरचा एक घन तयार करायचं. मग त्या घनाचे हवे तसे काप पडद्यावर बघायचे. काकडीचे करतो तसे. आडवा काप घेतला की खोबण आणि तिच्यातलं हाड समोर दिसतं, लपायला जागाच नाही.

इथे माझ्यातला प्रोग्रामर जागा झाला. सावल्यांवरून मूळ वस्तू कशी परत मिळते? गणित जुनं आहे. ऑस्ट्रियाच्या योहान राडोन यांनी 1917 मध्येच सिद्ध केलं होतं की सगळ्या दिशांनी घेतलेल्या बेरजा माहीत असतील तर आतली वस्तू काढता येते. त्यांच्यापुढे ना मशीन होतं ना पेशंट. 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनमध्ये हौन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी निघाला, आणि 1979 मध्ये त्यांना आणि कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं.

पण मला थक्क केलं ते वेगळ्याच गोष्टीने. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्हाला मॅटलॅबमध्ये एक असाइनमेंट होती, सावल्यांवरून चित्र परत बनवायची. नुसत्या सावल्या उलट पसरवून एकमेकांवर टाकल्या तर चित्र धूसर येतं. आधी प्रत्येक सावलीला एक फिल्टर लावावा लागतो. त्या फिल्टरचं नाव राम-लॅक. मी ते नाव टाईप केलं, मार्क घेतले आणि विसरलो. कुणीतरी जर्मन असेल असं वाटलं होतं. पंधरा-वीस वर्षांनी काकांच्या घोट्यामुळे शोधलं, तर राम म्हणजे जी. एन. रामचंद्रन आणि लॅक म्हणजे ए. व्ही. लक्ष्मीनारायणन! आपले दोघं. 1971 चाच पेपर. एक्स-रे चित्रांवरून त्रिमिती आकृती कशी काढायची, यावरचा. त्यांनी दाखवलेली रीत आधीच्यापेक्षा सोपी आणि झटपट होती. आणि हेच ते रामचंद्रन, ज्यांनी 1954 मध्ये मद्रासला गोपीनाथ कर्था यांच्याबरोबर कोलॅजेनची तीन पेडांची रचना मांडली. घोट्याचे ते चिवट बंध कोलॅजेनचेच असतात. म्हणजे काकांचं जे फाटलं ते कसं विणलेलं असतं तेही त्यांनीच सांगितलं, आणि फाटल्यावर आत कसं बघायचं त्यातही त्यांचा हात. मी रात्री दीड वाजता बायकोला उठवून हे सांगितलं. तिने "बरं" म्हणून कूस बदलली. असो.

तर ऑपरेशन. डॉक्टरांनी नंतर मला कागदावर चित्र काढून सांगितलं. जुने आडवे स्क्रू काढले, खोबणीत भरलेला वण साफ केला, हाड जागेवर आणून तात्पुरतं धरलं. साध्या चित्रात छान दिसत होतं. मग सगळे बाहेर गेले, मशीन घोट्याभोवती फिरलं, दोन मिनिटांच्या आत काप पडद्यावर आले. हाड अजून दीड मिलिमीटर पुढेच होतं. साध्या चित्रात छान दिसत असूनसुद्धा! पुन्हा सोडवलं, पुन्हा बसवलं, पुन्हा फिरवलं. आता डाव्या पायाच्या सीटीशी जुळलं. मग स्क्रू, मग टाके.

डाव्या पायाचं गुपित हे होतं. प्रत्येक माणसाची खोबण वेगळी असते, कुणाची खोल, कुणाची उथळ. पुस्तकातलं माप सगळ्यांना लागू पडत नाही. पण एकाच माणसाचे दोन घोटे बहुतेक एकमेकांचे आरसे असतात. म्हणून काकांचा उजवा घोटा बरोबर आहे की नाही हे ठरवायला जगातला सगळ्यात चांगला नमुना त्यांच्याच डाव्या पायात होता. आम्ही प्रोग्रामर नवीन आऊटपुट जुन्या, तपासलेल्या आऊटपुटशी ताडून बघतो ना, तसंच.

आता तुम्हाला वाटेल मी म्हणणार, की हे मशीन प्रत्येक दवाखान्यात हवं. मलाही आधी तसंच वाटलं. जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या डॉक्टरांनी 2012 मध्ये 251 रुग्णांचा हिशोब मांडला. 82 जणांच्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे जवळजवळ तिघांत एकाच्या, थ्रीडी चित्र बघून डॉक्टरांनी तिथल्या तिथे काहीतरी बदललं, आणि बहुतेक वेळा हाड पुन्हा बसवलं. हे 82 लोक टाके घालून घरी गेले असते आणि कुणाला पत्ता लागला नसता. पण 2013 च्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात थ्रीडी वापरूनही हाडं काही लक्षणीय जास्त चांगली बसली नव्हती. चित्र समोर असलं तरी ते बघून पुन्हा सगळं सोडवायची तयारी लागते आणि कशाशी ताडायचं ते ठाऊक लागतं. शिवाय मशीन साध्या सी-आर्मपेक्षा कितीतरी महाग, आणि धातूच्या प्लेटमुळे चित्रात पट्टे येतात ते वेगळंच.

सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो 2012 मध्येच आलेल्या तिसऱ्या अभ्यासाने. सागी नावाच्या सर्जनच्या गटाने 68 रुग्णांना दोन वर्षांहून जास्त काळाने पुन्हा तपासलं. ज्यांचं हाड खोबणीत चुकलं होतं त्यांचं चालणं-फिरणं खरोखरच वाईट होतं. म्हणजे हे मिलिमीटर नुसते कागदावरचे नाहीत. आणि दुसरी गोष्ट, ज्यांचा जोड उघडून डोळ्यांनी बघून बसवला त्यांच्यात चूक निघाली 15 टक्के, न उघडता बसवलेल्यांत 44 टक्के. याला कुठलं मशीन लागलं? डोळे!

म्हणून आता गावाकडून कुणाच्या घोट्याचा फोटो आला तर मी अंगठा पाठवत नाही. प्रश्न पाठवतो. बंध फाटलेत का, आणि ऑपरेशनमध्ये जोड ओढून तपासला का? जोड उघडून बघितला की सावलीवर बसवला? आणि थिएटरात थ्रीडी नसेल तर घरी सोडायच्या आधी दोन्ही पायांचा सीटी होईल का? सीटी परभणीत होतो. दोन-चार दिवसांत चूक कळली तर सुधारणं सोपं असतं, सहा महिन्यांनी वण आणि झीज दोन्ही जमलेले असतात. डॉक्टरांना विचारायचं नम्रपणे. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतला एकही डॉक्टर चिडला नाही. एक तर म्हणाले, विचारतं कोण?

काका आता चालतात. टेकू सुटला. उतारावर कुरकुर आहे, थंडीत जास्त. उकिडवं पूर्वीसारखं बसता येत नाही, आणि येणारही नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. ते सहा महिने सांध्याने चुकीच्या जागी काढले, त्याची झीज काही परत भरून येत नाही. बैल परत घेतले नाहीत. यातलं किती माझ्या त्या अंगठ्यामुळे झालं, हा हिशोब मी बरेचदा केला आहे. दिवाळीतच, "वेळ लागतोच" म्हणायच्या ऐवजी, गाडीत घालून आणलं असतं तर तीन महिने वाचले असते आणि बैलही. एवढं तर माझ्याच खात्यात आहे.

हे मी काकांना एकदा बोलून दाखवलं. ओट्यावर बसलो होतो, काकूंनी चहा आणला होता. काका पाय लांब करून घोट्यावरून हात फिरवत होते, दोन्ही घोट्यांवरून, आळीपाळीने. म्हणाले, "तू काय डॉक्टर हायस का? तुला इचारलं हेच आमचं चुकलं." मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पन तू बी सांगायचं व्हतंस ना, की मला कळत न्हाई म्हनून."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. चहा घेतला.